वाढत्या मापाचं पिस्तूल

माझा हात लहान आहे. लहान म्हणजे किती, तर मी बांगड्या भरायला गेले की कासार आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग माझ्या हाताकडे, आणि मुकाट्यानं उठून मागच्या फळीवरचा शाळकरी मुलींचा डबा काढतो. सत्तावन्न वर्षांची बाई, निवृत्तीचा नारळ घेतलेली, केसांना मेंदी लावणारी, आणि बांगडी सव्वादोनची. वाण देताना बायका माझ्या ओंजळीत दोनच बोरं टाकतात. त्यांचा दोष नाही, तिसरं खाली पडतं.

हात लहान राहिला यात आईवडिलांच्या प्रयत्नांची काही कसूर नव्हती. सायखेड्याला आमच्या घरी प्रत्येक वस्तू वाढत्या मापाची घेतली जायची. पहिलीत शिवलेला फ्रॉक मला चौथीत नीट बसला, तोवर त्याचा रंग कोणता होता हे कुणालाच सांगता येत नव्हतं. बुटांच्या पुढे कापूस, स्वेटरच्या बाह्यांना घड्या, परकराला टिपा. सायकल शिकले ती वडिलांच्या, दांड्याखालून पाय घालून. लग्नातली अंगठीसुद्धा सैल घेतली, कारण बाळंतपणानंतर बोटं भरतात असं आईचं म्हणणं. दोन बाळंतपणं झाली. बोटं भरली नाहीत. अंगठीला आतून दोरा गुंडाळलेला आहे तो आहेच.

लग्नही तशाच घरात झालं. नवरा पाटबंधारे खात्यात होता. कालव्यांची मापं घेण्यात त्याचं आयुष्य गेलं. कालव्यात काठोकाठ पाणी धरत नाहीत, वर थोडा काठ मोकळा सोडतात. त्याला ते लोक फ्री बोर्ड म्हणतात. हा फ्री बोर्ड नवऱ्यानं कालव्यावरून घरात आणला. आम्ही दोघं माणसं, कुकर पंक्तीचा. फ्लॅटमधलं कपाट इतकं उंच की वरच्या कप्प्यात काय ठेवलंय ते आम्हाला घर बदलतानाच कळणार. बाजारातून माझ्यासाठी चप्पल आणली तरी तो एक नंबर वरची आणतो आणि म्हणतो, असू दे थोडी मोकळी.

तर अशा घरात पिस्तूल कसं आलं ते सांगते.

एका भाचीचं लग्न होतं, गंगापूर रोडकडच्या एका कार्यालयात. मी पैठणी नेसून बाथरूम शोधत होते. चुकीचा जिना उतरले आणि तळघरात पोचले. तिथे दहाबारा मुलं एका रांगेत, एक हात खिशात घालून उभी होती आणि दुसऱ्या हातानं समोरच्या कागदावर नेम धरत होती. कुणी बोलत नव्हतं. वर सनई, खाली चिडीचूप. मी दारातच उभी राहिले. माझ्याकडे बघून कुणी ‘जेवलात का’ विचारलं नाही, ‘मुलगी आता कुठे असते’ विचारलं नाही, ‘थकलेल्या दिसता’ म्हणालं नाही. इतकी सुखाची जागा मी त्या कार्यालयातच काय, अख्ख्या नाशकात पाहिली नव्हती.

तिथली शिकवणारी मुलगी घोटीची. माझ्या धाकटीपेक्षाही वयानं लहान, अंगानं काटक, बोलायला सरळ. ती मला काकू म्हणते, मी तिला मॅडम म्हणते, आणि यात आम्हा दोघींनाही काही वावगं वाटत नाही. तिनं विचारलं, काकू, मारून बघायचंय का? मी पदर खोचला. पिस्तूल हवेवर चालणारं, बारीक छर्ऱ्यांचं, खेळाचं. पहिलाच छर्रा कागदाच्या बरोबर मध्यभागी बसला. फक्त कागद माझा नव्हता, शेजारच्या मुलाचा होता. तो बिचारा बराच वेळ आपल्याच नेमाचं कौतुक करत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन नाव घातलं. बाथरूम कुठे आहे ते मला आजही नीट माहीत नाही.

कार्यालयाच्या खाली नेमबाजी शिकण्याचे काही नियम असतात, ते कुठल्या पुस्तकात सापडायचे नाहीत. लग्नसराईत वर मंगलाष्टकं सुरू झाली की खाली आम्ही हात उचलायचो, कारण त्या चालीत श्वास छान लागतो. शेवटचं ‘सावधान’ आलं की सगळ्यांनी पिस्तुलं खाली करायची. लगेच वर ताशा सुरू होतो, दीडदोनशे माणसं एकदम उठतात आणि छताचा चुना आमच्या डोक्यावर पडतो. मॅडम ओरडत नसे, नुसता हात वर करायची. अक्षता वर पडायच्या, चुना खाली. मग जिलबीचा वास यायचा आणि तासभर कुणाचाच नेम लागायचा नाही.

मी रोज जायला लागले. इतक्या वर्षांच्या नोकरीत, संसारात, माझ्या वाट्याला असा एक तास आला नव्हता, ज्यात मी फक्त समोर बघत उभी आहे आणि माझ्या पाठीमागे काही उतू जात नाहीये. मला ते फार आवडलं. इतकं आवडलं की संध्याकाळी निघताना मी घाई करते हे सोसायटीतल्या बायकांच्याही लक्षात आलं आणि त्यांनी त्यावरून जे तर्क केले ते इथे लिहिण्याजोगे नाहीत.

आणि मग मनगट सुजलं.

तळघरातलं पिस्तूल कुणा धिप्पाड माणसाच्या हाताला बेतलेलं होतं. त्याची लाकडी मूठ माझ्या मुठीत मावायची नाही. घोड्यावर बोटाचं पहिलं पेर सपाट टेकायला हवं, माझ्या बोटाची नुसती नखाकडची कड पोचायची. ती पोचावी म्हणून मी सगळं पिस्तूलच हातात फिरवून घ्यायची. मग नळी एकीकडे, हात दुसरीकडे, मनगट मध्ये पिळलेलं, आणि छर्रा कायम डावीकडे. डावीकडच्या मुलाचे गुण वाढत होते, माझे नाही.

डॉक्टरांनी मनगट दाबून पाहिलं आणि विचारलं, कपडे हातानं पिळता का? मी म्हटलं, नाही, पिस्तूल चालवते. डॉक्टरांनी मनगट सोडलं. मग त्यांनी माझ्या नवऱ्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून चौकशी केली. नवरा म्हणाला, ठीक आहे. मला वाटतं डॉक्टरांचा विश्वास बसला नाही. पण गोळ्या लिहून देताना त्यांनी स्पष्ट सांगितलं, असंच चालू ठेवलंत तर पोळ्या लाटणंही सुटेल. पोळ्यांचं मला तितकंसं वाईट वाटलं नाही.

मॅडमनं मात्र मला बाजूला घेतलं.

“काकू, हात नाय पुरत तुमचा. तुमच्या मापाचं पिस्तूल घ्या, नायतर थांबा. मी आता हे तुमच्या हातात देणार नाय.”

मला रडू आलं. सत्तावन्नाव्या वर्षी, कार्यालयाच्या तळघरात, वर कुणाची तरी हळद चालू असताना, मी रडले. कारण मला थांबायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी फक्त माझं सापडलं होतं आणि ते माझ्या हातात बसत नव्हतं.

नवरा मनानं वाईट नाही. त्यानं दोन दिवस विचार केला आणि म्हणाला, घेऊन टाकू. याला परवाना लागत नाही हे कळल्यावर तो जरा हिरमुसला. कचेरीत खेटे घालायची त्याची तयारी झाली होती.

पिस्तुलं विकणारा गृहस्थ मुंबईहून तीन पेट्या घेऊन यायचा होता. त्या दिवशी वर लग्न होतं आणि खाली सराव, त्यामुळे कार्यालयाच्या व्यवस्थापकानं आम्हाला एकच मोकळी जागा दिली, वधूपक्षाची खोली. एका भिंतीला मोठा आरसा, गादीवर कुणाचं तरी झोपलेलं बाळ, आणि टेबलावर रुखवत मांडलेलं, साखरेचं तुळशीवृंदावन वगैरे. गृहस्थानं त्याच टेबलाच्या उरलेल्या भागावर तीन पिस्तुलं ओळीनं ठेवली. तेवढ्यात नवरीची एक आत्या आत आली. तिनं तुळशीवृंदावन पाहिलं, लोकरीची बदकं पाहिली, पिस्तुलं पाहिली, आणि मला विचारलं, “हे पण तुमच्याकडून का?” मी नाही म्हटलं. ती म्हणाली, छान केलंय पण, अगदी खऱ्यासारखं.

पहिलं पिस्तूल दिसायला सगळ्यात रुबाबदार. पण नळी लांब, वजन सगळं पुढे. हात उचलला की थोड्याच वेळात त्याचं नाक खाली झुकायला लागायचं, आणि त्याला वर धरून ठेवण्यातच माझा जीव निम्मा व्हायचा. दुसरं बरं होतं. त्याचा घोडा पुढेमागे सरकवता येत होता. गृहस्थानं बारक्या किल्लीनं तो शेवटपर्यंत मागे आणला. तरी माझं बोट तांदळाच्या दाण्याएवढं कमी पडलं. गृहस्थ म्हणाला, जरा ताणा. मी म्हटलं, सत्तावन्न वर्षं ताणतेय.

तिसरं ठेंगणं होतं. नळी आखूड, वजनाला हलकं, अंगानं सडपातळ. मॅडमनं मला डोळे मिटून हात उचलायला सांगितलं, मग उघडायला. पुढची खूण मागच्या खाचेत आपोआप, मधोमध उभी होती. बोटाचं पेर घोड्यावर सपाट टेकलं होतं. मी आरशात पाहिलं. मागे तुळशीवृंदावन, शेजारी झोपलेलं बाळ, आणि मध्ये मी, हात सरळ. मी म्हटलं, हेच.

आता राहिली मूठ. पिस्तुलाबरोबर आलेली मूठ नुसती दाखवण्यापुरती होती, बारीकशी, ती गृहस्थ परत नेणार होता. खरी मूठ अक्रोडाच्या लाकडाची, प्रत्येकाच्या हाताच्या बाह्यरेषेवरून मागवायची असते. कागदावर हात ठेवायचा, कडेनं पेन्सिल फिरवायची आणि त्या कागदाचा फोटो पाठवायचा, एवढंच. पण एकदा आलेली मूठ बदलून मिळत नाही, हे गृहस्थानं जाताना पुन्हा एकदा सांगितलं. मापाचं काम म्हटल्यावर नवऱ्यानं ते आपल्या अंगावर घेतलं. मी आडवी आले नाही. माणूस मापातलाच होता.

रविवारी सकाळी त्यानं कॅलेंडरचं जुनं पान उलटं घातलं, माझा हात त्यावर ठेवला आणि सुताराची जाड पेन्सिल घेऊन रेषा मारायला सुरुवात केली. रेषा माझ्या बोटांपासून लांबून चालली होती. मी म्हटलं, अहो, हात इथे आहे. तो म्हणाला, थोडं सोडलंय. मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, लाकूड आहे, नाशिकच्या थंडीत आटतं, आणि उद्या तुझं वजन वाढलं तर बोटं भरतील. शिवाय, तो म्हणाला, वस्तू घ्यायची तर चार जणांना चालेल अशी घ्यावी.

मी त्याच्याकडून पेन्सिल काढून घेतली आणि आतून, बोटांना चिकटून, दुसरी रेषा मारली. मग गॅसवर दूध होतं म्हणून उठले. परत आले तेव्हा फोटो गेला होता. नंतर कळलं, तिकडच्या माणसानं बाहेरची रेषा धरली. दोन रेषा दिसल्यावर मोठी धरावी असं त्यालाही वाटलं. बहुतेक तोही आमच्यातलाच असावा.

पार्सल आलं ते नवरात्रात. खंडेनवमीला आमच्या घरी दरवर्षी पकड, पाना, सुरी, मिक्सर आणि नवऱ्याची मोजपट्टी पाटावर मांडतात. त्या वर्षी पहिल्यांदाच पाटावर खरोखर शस्त्र म्हणावं असं काही आलं. नवऱ्यानं त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि मोजपट्टी जरा मागे सरकवली. पिस्तुलाची हवेची नळकांडी काढून कपाटात ठेवलेली होती आणि मॅडमच्या सांगण्यावरून नळीतून लाल दोरी आरपार घातलेली होती, आत छर्रा नाही हे कुणालाही दिसावं म्हणून. शेजारच्या काकूंना वाटलं दोरी दृष्ट लागू नये म्हणून आहे. त्या म्हणाल्या, काळी घालायची होती.

दसऱ्याला सोनं द्यायला माणसं आली आणि प्रत्येकानं पिस्तूल हातात घेऊन पाहिलं. नवऱ्याच्या हातात बसलं. शेजाऱ्यांच्या हातात बसलं. सटाण्याहून धाकटे दीर आले होते. कांद्याच्या व्यापारात त्यांचं आयुष्य गेलं, त्यांचा पंजा म्हणजे घमेलंच. त्यांनी ते उचललं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून एक डोळा मिटला.

“हातमा बेस बसस हाई,” ते खूश होऊन म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळले. “वहिनी, हाई तुमनं शे का भाऊनं?”

मी हात पुढे केला. मूठ माझ्या हातात आली आणि तळव्यात एवढी पोकळी राहिली की आपट्याचं पान सहज आत गेलं असतं. करंगळी हवेत. घोडा पुन्हा तिथेच, तांदळाच्या दाण्याएवढा लांब. हे माझं की भावाचं, असं दीर विचारत होते. मला इतका राग आला होता की बोलले असते तर सणाच्या दिवशी नको ते बोलले असते. घरात आलेली वस्तू सगळ्यांना बसत होती, एकटी मी सोडून, आणि ती माझ्यासाठी आणली होती.

आता आमच्या घरात सैल वस्तूवर एकच उपाय ठाऊक आहे. आत काहीतरी भरायचं. सायखेड्याहून आईनं फोनवर सांगितलं, कापूस घाल. नवऱ्यानं मुठीला जखमेची पट्टी गुंडाळली. पोकळी थोडी भरली, पण मूठ जाड झाली आणि बोट आणखी मागे राहिलं. मग त्यानं त्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. मग जुन्या बनियनची घडी. प्रत्येक थरानंतर तो मला विचारायचा, आता? आणि मी म्हणायची, आता जास्त वाईट. कापूस बुटाच्या आत घालतात म्हणून बूट लहान होतो. मुठीवर बाहेरून लावला की मूठ मोठी होते. ही साधी गोष्ट दोन शिकलेल्या माणसांना कळायला दिवाळी उजाडली. तोवर त्या मुठीचं नारळाएवढं गाठोडं झालं होतं आणि घरात एकही अख्खं बनियन उरलं नव्हतं.

ते गाठोडं घेऊन मी तळघरात गेले. डिसेंबरात जिल्ह्याची स्पर्धा होती. माझ्या वयाच्या बायकांचा वेगळा गट होता आणि मॅडमनं माझं नाव घालायचं अजून टाळलं होतं. तिनं एकेक थर उकलला. मुलं जमली. बनियन निघालं तेव्हा कुणीतरी हसलं, ती हसली नाही.

“लाकूड काढायचं असतं काकू, लावायचं नाय. कानस घ्या आणि घासा. लय नको, हळूहळू. हात घालून बघत घासा.”

हे घरी सांगितलं तर नवरा जेवायचा थांबला. नवं कोरं अक्रोडाचं लाकूड घासायचं? मग ते पुढे कुणाला देता कसं येईल? विकता कसं येईल? एकदा घासलं की परत येत नाही, काढायला वेळ लागत नाही, भरता येत नाही. हे सगळं खरं होतं. मी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मेन रोडवर जाऊन लाकडाची कानस आणि पॉलिश पेपर आणला. दुकानदारानं विचारलं, दार घासतंय का जमिनीला? मी म्हटलं, हो.

दुपारी नवरा आडवा झाल्यावर मी मूठ पिस्तुलावरून काढली, गच्चीत उन्हात बसले आणि घासायला सुरुवात केली. पहिला हात अगदी हलका मारला. आजवर मी कुठलीही वस्तू माझ्यासाठी कापली नव्हती. परकर आखूड केला तरी टिपा आत ठेवून केला, पुढे उसवता यावा म्हणून. इथे आत ठेवायला काही नव्हतं. लाकडाचा तपकिरी भुसा मांडीवर पडत होता आणि त्याला चांगला वास येत होता. थोडं घासलं की हात घालायचा, कुठे टोचतंय बघायचं, पुन्हा घासायचं. मला मजा यायला लागली. मी गुणगुणायलाही लागले, आणि काय, तर मंगलाष्टकांची चाल.

कानशीच्या आवाजानं नवरा उठून आला. दारात उभा राहून त्यानं भुसा पाहिला, मग मूठ पाहिली.

“अगं, आता हे कुणालाच बसणार नाही.”

“म्हणून तर घासतेय.”

  तो आत गेला, चष्मा लावून आला आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. मूठ मांडीवरून सारखी घसरत होती, ती त्यानं दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी घासत राहिले. अधूनमधून तो अगदी हळू म्हणायचा, थोडं सोड. मी म्हणायची, नाही सोडणार. शेवटी मी हात घातला तेव्हा करंगळीपासून अंगठ्यापर्यंत सगळीकडे लाकूड लागलं. कुठे पोकळी नाही, कुठे टोचणं नाही. मी मूठ पिस्तुलावर बसवली, हात लांब केला आणि बोट घोड्यावर सपाट टेकलं. नवऱ्यानं खिशातून मोजपट्टी काढली, माझ्या बोटाजवळ नेली, आणि मोजायला काही उरलं नाही हे बघून परत खिशात ठेवली.

मॅडमनं नाव घातलं. स्पर्धेत माझा क्रमांक असा आला की तो वरून शोधण्यापेक्षा खालून शोधणं सोयीचं. मला त्याचं काही वाटलं नाही. मनगट सुजलं नाही. शेजारच्या बाईला माझ्याकडून एकही छर्रा गेला नाही. डॉक्टरांना मी मुद्दाम जाऊन हात दाखवला. त्यांनी पुन्हा नवऱ्याकडेच पाहिलं.

त्यानंतरच्या रविवारी सायखेड्याला गेलो. आई आता ऐंशीच्या पुढे आहे. भाऊ-भावजय, नातवंडं, सगळं भरलेलं घर आहे, स्लॅबचं, पुढे ओटा. पिस्तूल बघायचंच असा सगळ्यांचा हट्ट होता म्हणून पेटी नेली होती, दोरी घातलेली, नळकांडी घरीच ठेवून. भावानं हातात घेतलं, त्याची बोटं मुठीत शिरेनात. भाच्यानं प्रयत्न केला, त्याचा अंगठाच अडकला. भावजय म्हणाली, हे काय बाई, बाहुलीचं आहे का? नवरा जरा तोऱ्यातच म्हणाला, ते फक्त हिलाच बसतं. मला हे त्याच्या तोंडून ऐकायला इतकं बरं वाटलं की मी पदरानं नाक पुसलं.

आई ओट्यावर बसून हे सगळं बघत होती. तिनं हात पुढे केला. भाऊ म्हणाला, तुला काय करायचंय? तिनं हात मागे घेतला नाही. मी दोरी तपासली आणि पिस्तूल तिच्या हातात दिलं. एवढ्या वर्षांत मी आईचा हात कधी नीट पाहिलाच नव्हता. तो हात आपसूक मुठीत गेला आणि बसला. करंगळी आपल्या जागी, अंगठा आपल्या जागी, तळव्याला सगळीकडे लाकूड. तिच्या मनगटातल्या बांगड्या मागे सरकल्या. त्या तिला सैलच आहेत, लग्नापासून.

 नवऱ्याचा हात मोजपट्टीसाठी खिशात गेला होता, तो तिथेच राहिला.

“मला वाटायचं तुझा वाढंल,” आई म्हणाली. “माझ्या आईलाबी माझा वाढंल वाटायचं.”

 भावजयीनं चहा आणला. मी पेटी उघडून पिस्तूल घ्यायला हात पुढे केला, तर आईनं मान हलवली.

“राहू दे जरा. बरूबर बसलंय.”

आम्ही निघेपर्यंत तिनं ते खाली ठेवलं नाही. चहा तिनं डाव्या हातानं प्यायला.